शेंदराचं बोट

अण्णा,

हे मराठीत लिहिते आहे, कारण तुमच्याशी दुसऱ्या कुठल्या भाषेत बोलल्याचं मला आठवत नाही. दिवसभर इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या ऑफिसात इंग्रजी, बसमध्ये आणि भाजीवाल्याशी कन्नड, घरी भावाशी सगळ्याची खिचडी. पण अक्षरं तुमचीच आहेत. इथल्या शिवाजीनगरातल्या दुकानाचं शटर अर्धं खाली ओढून तुम्ही त्यावर खडूने क काढायचा आणि मी त्याच्या खाली तसाच काढायचे. शाळेच्या फाटकाशी पोचलं की मला उलटी व्हायची. आई म्हणायची, रडू दे, सवय होईल. तुम्ही म्हणालात, "भीती वाटते तर वाटू दे. तोवर माझ्याकडे बसेल." अशी माझी पहिली शाळा तुमच्या गॅरेजमधल्या बाकावर भरली. नट मोजून मोजणी, ऑइलच्या डब्यांवरून इंग्रजी अक्षरं, आणि बिघडलेल्या भागांवरून बाकी सगळं. खऱ्या शाळेत गेले तेव्हा मला वाचता येत होतं, आकडेमोड येत होती, आणि भीती जशीच्या तशी होती. ती अजून आहे. म्हणून तर आज लिहायला बसले.

त्या शाळेतला एक धडा मला पायाने पाठ आहे. ब्रेकच्या नळ्यांत हवा शिरली की ती काढायला दोन माणसं लागतात, एक गाडीखाली आणि एक पेडलवर. माझे पाय पोचत नव्हते, म्हणून तुम्ही एक लाकडी ठोकळा तासलात आणि वाढदिवसाला वर्तमानपत्रात गुंडाळून मला दिलात. "पोरीला बाहुली द्यायची सोडून हे काय," असं आई म्हणाली होती. तो ठोकळा रबराच्या पट्टीने पेडलला बांधलेला आहे, मी सीटच्या अगदी टोकावर, स्टिअरिंगला लटकून बसले आहे, आणि गाडीखालून तुमचा आवाज येतो आहे. दाब. धर. सोड. दाब. धर. "धर म्हटल्यावर मी सोड म्हणेपर्यंत सोडायचं नाही, पुट्टी. माशी नाकावर बसली तरी." सगळी हवा निघाली की शेवटचं काम. "आता जोरात नको. जोरात दाबलं की बिघडलेलाही भक्कम लागतो. झोपलेल्या आईच्या पायावर पाय ठेवल्यासारखा ठेव आणि थांब. पायाखाली काय होतंय ते सांग." बहुतेक वेळा काहीच व्हायचं नाही. एकदा मात्र पेडल आपोआप खाली जायला लागलं. माझा पाय तिथेच होता, मी जोर केला नव्हता, आणि पायाखालची जमीन हळूहळू विरघळत होती. मी किंचाळले. तुम्ही सरपटत बाहेर आलात आणि म्हणालात, "शाबास. हेच ओळखायचं असतं." शाबासकी मला नंतर आठवून आठवून गोड वाटली. पण आधी आठवतं ते खाली जाणं.

असा भाग काढला की तुम्ही त्याच्यावर बोट उमटवायचा. पावडरच्या जुन्या डब्यात शेंदूर असायचा, त्यात तेलाचे थेंब, आणि लोखंडावर एक केशरी बोट. ते दिसलं की तो भाग कुणाला द्यायचा नाही, फुकटसुद्धा नाही. आठवड्याच्या शेवटी असे सगळे भाग व्हाइसमध्ये आवळून घणाने मोडायचे आणि मगच भंगारात टाकायचे, कारण भंगारात गेलेली वस्तू पॉलिश होऊन परत येते असं तुम्ही म्हणायचा. एकदा मी तुम्हाला खूश करायला फळी आवरली. सगळे भाग उंचीप्रमाणे लावले, आणि एक केशरी बोटाचा भाग चांगल्यांच्या रांगेत गेला. तुम्ही ओरडला नाहीत. तो माझ्या हातात दिलात आणि विचारलंत, "कुणाच्या गाडीत बसवू? सांग. चहावाल्याच्या? आपण आईला डॉक्टरकडे नेतो त्या रिक्षात?" मी रडेपर्यंत तुम्ही गिऱ्हाइकांची नावं घेत राहिलात. मग मला नळाशी नेऊन साबणाने दोनदा हात धुवायला लावलेत. शेंदूर विषारी असतो, तोंडात जाता कामा नये.

तुम्ही गेलात तेव्हा मी नववीत होते. दुकान दुसऱ्याने घेतलं. बाक, व्हाइस, घण आणि तो पावडरचा डबा घरामागच्या शेडमध्ये आले आणि तिथेच राहिले. भाऊ तेव्हा इतका लहान होता की त्याला तुमचा चेहरा फोटोतला आठवतो. पण हात तुमचे आले आहेत त्याच्याकडे. गेल्या वर्षी त्याने ठरवलं की शेडमध्ये गाडी बांधायची. म्हणजे अगदी शून्यातून नाही. कोइंबतूरकडचा एक कारखाना दोन माणसांच्या उघड्या गाडीचं फायबरचं अंग आणि सांगाडा विकतो. आपण एक जुनी मोटार आणायची, तिचं इंजिन, गिअर, चाकं काढून त्या नव्या अंगात घालायची. रस्त्यावर न्यायची नाही, त्याच्या मित्राच्या तोटात, म्हणजे बागेत, नारळीच्या झाडांमधून चालवायची.

"आणि जुन्या गाडीचं जे उरेल ते विकायचं, अक्का," तो म्हणाला. "दारं, काचा, सीटा, सगळं. विकून झालं की गाडी फुकटच पडली म्हण."

"आणि नाही विकलं गेलं तर?"

"तर तुझ्या खोलीत ठेवू. तसंही तुला सगळं जपून ठेवायला आवडतं."

खर्चात माझेही पैसे होते, आणि ते परत यावेत असं मला वाटत होतं, हे खरं. आणलेली गाडी तीच जुनी चौकोनी पांढरी, जी एके काळी निम्म्या गावाकडे होती आणि तुमच्या दुकानापुढे रोज एखादी उभी असायची. म्हणून उरलेल्या भागांना गिऱ्हाईक मिळेल याची आम्हाला खात्री होती. विकायचं काम माझ्याकडे आलं. त्याच्याकडे असतं तर त्याने गंजून भोक पडलेल्या दारालाही 'थोडं वापरलेलं' म्हटलं असतं. मी प्रत्येक ओरखड्याचा वेगळा फोटो काढून नेटवर टाकायचे. एका माणसाने फोनवर विचारलं, "मेडम, तुम्ही विकताय की तक्रार करताय?" तरी माल जात होता. मागची सीट एका बाईंनी नेली, त्या मुलींना खोल्या भाड्याने देतात, त्यांना दारात बसायला काहीतरी हवं होतं. दिवे गेले, एक दार गेलं. पण परकी माणसं शेडपर्यंत येतात याने मला झोप लागेनाशी झाली. कुणी यायचं असेल तेव्हा मी आईला मागच्या खिडकीत उभं करायचे. पैसे रोख घ्यायचे, म्हणजे कुणाला माझं नाव कळायला नको, आणि माल गेला की त्या माणसाचा नंबर आणि बोलणं फोनमधून पुसून टाकायचे. भाऊ म्हणायचा, "अक्का, तू दार विकतेस, बॉम्ब नाही."

जुनी गाडी सुटी करण्याच्या आधी मी तिच्यात बसले होते. सहज म्हणून पेडलवर पाय ठेवला, तुम्ही शिकवलात तसा, आणि थांबले. ते खाली गेलं. अगदी हळू, पण गेलं. अंगावर काटा आला आणि त्याच वेळी तुम्ही गाडीखालून बाहेर याल असंही वाटलं. बिघाड मास्टर सिलिंडरमध्ये होता, म्हणजे पेडल दाबलं की चारी चाकांकडे तेल ढकलतो तो वीतभर लांबीचा भाग. गाडी विकणाऱ्याने सुट्या सामानाचं एक खोकंही दिलं होतं, त्यात तसाच दुसरा निघाला. तो आम्ही लावून पाहिला, तो धरत होता. नव्या गाडीसाठी कारखान्याने स्वतःचा वेगळा दिलेला, त्यामुळे हे दोन्ही उरले, दिसायला जुळे. खराब होता त्याच्यावर मी बोट लावलं आणि फळीच्या अगदी डाव्या टोकाला ठेवला. मोडायचाच होता. पण दुसऱ्या दिवशी आयुधपूजा, आणि पूजेला मांडलेल्या हत्याराला विजयादशमी होईपर्यंत हात लावायचा नाही, हा तुमचा नियम. आईने घण आणि व्हाइस पूजेसाठी पुसून ठेवलेही होते. मी थांबले.

तुमच्यानंतर आईने तुमच्या हत्यारांची पूजा केली नव्हती. देवघरासमोर सुरी आणि कात्री ठेवायची, तेवढंच. यंदा शेडमध्ये गाडी आहे म्हणून तिला हुरूप आला. मी ऑफिसातल्या पूजेला गेले होते, कारण तिथेही संगणकांना शेवंतीच्या माळा घालतात आणि गैरहजर राहिलेलं दिसतं. परत आले तर शेड उजळलेलं. चाकांखाली लिंबं, दाराशी केळीचे खांब, आणि पाना, पकड, घण, व्हाइस, सगळ्यांना ओलं कुंकू. उरलेले भागही तिने फळीवरून उतरवून, पुसून, पाटावर मांडले होते. भाऊ हसत होता. "आई, ते भंगार आहे."

"असू दे," आई म्हणाली. "इतकी वर्षं गाडी यांनी पण ओढलीच की."

मी प्रसाद घेतला आणि मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. भाग खाली उतरलेत म्हणजे ते परत कुठेतरी चढणार, हा विचार माझ्यासारख्या, कुलूप तीनदा ओढून बघणाऱ्या मुलीच्या मनात आला नाही.

नंतर ऑफिसातलं एक काम अंगावर पडलं आणि शेडमध्ये जायला बरेच दिवस गेले. गेले तेव्हा फळीवर सगळं पूर्वीसारखं होतं, प्रत्येक भागावर वाळलेलं लाल. डाव्या टोकाला होता तो सिलिंडर, रविवारी मोडू म्हणून, मी तिथेच राहू दिला. दुसरा रॉकेलने स्वच्छ पुसला, फोटो काढला, टाकला. बेळ्ळंदूरहून एक गृहस्थ आले, पन्नाशीचे, इस्त्रीचा शर्ट, बरोबर कॉलेजात जाणारी मुलगी. त्यांच्याकडेही तशीच गाडी, निळी. "मगळिगे कलिस्ता इदीनि," ते म्हणाले, मुलीला शिकवतोय. "सकाळी लवकर, तळ्याकडच्या रस्त्यावर. नंतर तिथे गाडी हलतच नाही."

"मी चालवते," मुलगी म्हणाली, "आणि अप्पा शेजारी बसून देवाचं नाव घेतात."

"आता पेडल मऊ लागतंय. घ्यावं म्हटलं." त्यांनी भाग उलटा सुलटा करून पाहिला. "चांगला आहे ना, मेडम?"

"हो," मी म्हणाले. "मी स्वतः पाहिलाय."

शिवाजीनगरात त्यांचा मेकॅनिक आहे, शनिवारी बसवून घेतो, असं जाता जाता म्हणाले. गल्लीही सांगितली. ती आपल्या दुकानामागचीच, हे मी त्यांना सांगितलं नाही. ते फाटकाबाहेर गेले आणि मी त्यांचा नंबर पुसला.

शनिवारी सकाळी आई शेडमध्ये केरसुणी शोधायला आली आणि फळीपाशी थांबली. "एकच राहिला? जोडी फोडलीस?"

"कसली जोडी?"

"ते एकसारखे दोन होते ना. पूजेत मी जोडीने मांडले होते, छान दिसत होते. मग उचलले आणि ठेवले जागेवर."

"कुठला कुठे ठेवलास, आई?"

"आता कसं सांगू? दोन्ही सारखेच. दोन्हींना कुंकू होतं."

भाऊ दात घासत होता, त्याला तसाच ओढून आणला. फळीवरचा सिलिंडर त्याने व्हाइसमध्ये धरला, तेल भरलं, नळ्यांची तोंडं बंद केली, आणि मी दांड्याने तो हळू दाबून धरला. मी मनात म्हणत होते, जा. खाली जा. तू गेलास तर खराब तूच, आणि मग कुणाचं काही होणार नाही. दांडा जागचा हलला नाही. भाऊ म्हणाला, "भक्कम आहे." आयुष्यात पहिल्यांदा मला भाग खराब निघायला हवा होता. म्हणजे तिकडे गेला तो दुसरा.

आम्ही त्याच्या बाइकवरून निघालो. शनिवारचीसुद्धा गर्दी, प्रत्येक सिग्नलला मी त्याच्या खांद्यात बोटं रुतवते आहे. आजूबाजूच्या गाड्यांत चालवणाऱ्या प्रत्येक मुलीचे पाय मला दिसतात, म्हणजे दिसत नाहीत, पण मी त्यांच्याकडेच बघते. त्यांनी काल संध्याकाळीच बसवून घेतला असेल तर? आज पहाटे तळ्याकडे गेले असतील तर? पुढे बस थांबली असेल, तिने हळू पाय ठेवला असेल, कारण शिकाऊ माणूस हळूच ठेवतो, आणि जमीन विरघळली असेल. फोन करायला नंबर नाही. तो मी पुसला. मला परक्या माणसाने त्रास देऊ नये म्हणून.

"अक्का, श्वास घे," भाऊ म्हणाला. "शिवाजीनगरचा मेकॅनिक आहे. अजून चहा पीत असेल."

तुमच्या दुकानात आता मोबाइलची कव्हरं लटकतात. मी तिकडे नीट पाहिलंही नाही. मागच्या गल्लीत वळलो आणि गाडी दिसण्याआधी मला आवाज ऐकू आला. जमिनीलगतून, गाडीखालून येतो तसा दबका. "ओत्तु. हिडको. बिडु." पुन्हा, "ओत्तु. हिडको." दाब. धर. मी बाइक थांबायच्या आधीच उतरले आणि धडपडले. निळी गाडी, बॉनेट उघडं, मेकॅनिकचे पाय बाहेर, आणि ड्रायव्हरच्या सीटवर ती मुलगी, ओठ दाताखाली धरून, सगळा जीव पायात आणून दाबते आहे. शेजारी तिचे वडील उभे आहेत. ती जिवंत होती हे मला तिच्या केसांतल्या पिवळ्या क्लिपवरून पटलं. इतका वेळ मी तिला मनात क्लिपशिवाय पाहत होते.

मला सगळं कन्नडमध्ये नीट सांगायचं होतं, पण तोंडातून एवढंच आलं की तो भाग परत द्या, पैसे घ्या. गृहस्थांनी मला ओळखलं आणि त्यांची भुवई वर गेली. "यारादरू जास्ती कोट्रा?" कुणी जास्त पैसे दिले का?

"नाही. तो खराब आहे."

"तुम्हीच म्हणालात चांगला आहे. तुम्ही स्वतः पाहिलात."

"चुकून दुसरा दिला."

मेकॅनिक गाडीखालून बाहेर आला. म्हणाला, हवा निघाली, पेडल दगडासारखं आहे, मेडमना काय झालंय? मुलीने जोरात दाबून दाखवलं. खरंच दगड. बघ्यांपैकी एक जण म्हणाला, "दुसऱ्या गिऱ्हाइकाने दुप्पट देऊ केले असतील," आणि दोघे हसले. तिथून निघून जावं असं मला फार वाटलं. सांगून झालं होतं, सगळ्यांनी ऐकलं होतं, कोणीही म्हटलं असतं की मी माझं काम केलं. मग मी मुलीला म्हणाले, "मला एकदा बसू दे."

परक्याच्या गाडीत, परक्या माणसांच्या घोळक्यात बसले. पाय पोचत होता, ठोकळा लागला नाही. पेडलवर पाय ठेवला, झोपलेल्या आईच्या पायावर ठेवल्यासारखा, आणि थांबले. काही झालं नाही. मेकॅनिकने जांभई दिली. काही झालं नाही. भाऊ खिडकीत वाकून हलकेच म्हणाला, "अक्का, कदाचित आपणच..." मला वाटलं, चूक माझीच असेल, दोन्ही चांगले असतील, मी या माणसांची सकाळ उगीच घाबरवली. उठावंसं वाटलं. पण तुम्ही सोड म्हणाला नव्हता. आणि मग ते जायला लागलं. केसाएवढं, मग नखाएवढं, मग थांबलंच नाही. मुलीला खूण केली, तिला बसवलं, आणि सांगितलं, जोर करू नकोस, नुसता ठेव. ती डोळे मिटून बसली.

"स्वल्प केळगे होग्ता इदे, अप्पा," ती म्हणाली. जरा खाली जातंय. मग डोळे उघडून, "अप्पा, जातच चाललंय."

त्यांचा चेहरा मी विसरणार नाही. त्यांनी आधी मुलीला दंडाला धरून बाहेर काढलं, जणू गाडी आत्ता पळेल. मग माझ्याकडे वळले. आवाज वाढवला नाही. म्हणाले, "आज संध्याकाळी फ्लायओव्हरवर नेणार होतो हिला. पहिल्यांदा." मी पैसे पुढे केले, ते त्यांनी घेतले, आणि नवा भाग घ्यायला म्हणून वर दिले ते घेतले नाहीत. आभार मानले नाहीत, ते बरोबरच होतं. एवढंच विचारलं, "खराब आहे हे माहीत होतं, तर वेगळी खूण नव्हती केली?"

"केली होती," मी म्हणाले. "घरी पूजा झाली. पूजेत सगळं मिसळलं."

मेकॅनिकने भाग काढून दिला. घरी आल्याबरोबर मी तो व्हाइसमध्ये आवळला आणि तुमच्या घणाने मोडला. पहिले घाव चुकले, मग बसले. फळीवरचा दुसराही मोडला. भाऊ म्हणाला तो चांगला आहे, दिवसभराचं पेट्रोल तरी निघालं असतं. मी ऐकलं नाही. उरलेली दारं आणि काचा आता तोच विकतो, आणि त्याची त्यावर काही तक्रार नाही. त्याची गाडी उभी राहिली आहे, लाल, अगदी खेळण्यासारखी. ब्रेक तपासायला मला रोज बसवतो. मी रोज थांबते. ते खाली जात नाही.

त्या शनिवारी रात्री जेवताना त्याने सगळी हकीकत आईला गंमत करून सांगितली. त्याला वाईट काही म्हणायचं नव्हतं. "आई, तुझ्या कुंकवाने आज एक पोरगी फ्लायओव्हरवरून उडणार होती." आई हसली नाही. ताटातला भात बोटाने एका बाजूला सारत राहिली. त्यानंतर ती शेडमध्ये गेलेली नाही. केरसुणी लागली तर भावाला पाठवते. परवा देवघर पुसताना, माझ्याकडे पाठ करूनच म्हणाली, "पुढच्या वर्षी तिकडे नुसती फुलं वाहीन. कुंकू नको. माझ्या हातून कुणाचं काही व्हायला नको."

अण्णा, त्या भागावर मी लावलं होतं ते शेंदराचं बोट नव्हतं. डबा होता, फळीवरच होता, झाकण गंजून बसलेलं. मी हातात घेतला आणि परत ठेवला. शेंदरात काय असतं ते मी मध्यंतरी वाचलं होतं. झाकण उघडताना भुकटी उडेल, नाकात जाईल, अशी भीती वाटली. म्हणून देवघरातलं चिमूटभर कुंकू आणून तेलात कालवलं. खूण ती खूण, असं मनाला सांगितलं. केशरी असतं तर आईने लावलेल्या सगळ्या कुंकवात ते उठून दिसलं असतं, आणि तिने ते बघताच हात मागे घेतला असता, इतकी वर्षं तुमच्याबरोबर संसार केलाय तिने. तुम्ही कुंकू न वापरता शेंदूर का वापरायचा हे मला आत्ता समजलं, आणि ते तिला सांगण्यासारखं आहे, पण सांगायचं तर आधी बाकीचं सांगावं लागेल. आई कुंकू नको म्हणाली, तीच ते सांगायची वेळ होती. मी तिच्या पाठीकडे बघत होते. ती वाट बघत होती, मी काही म्हणते का याची.

मी कन्नडमध्ये नुसतं बरं म्हणाले, "सरी."